डिझेल पिणारी इलेक्ट्रिक बोट

बोट इलेक्ट्रिक हवी, पण जेटीवर वीज नको. मग? बोटीतच जनरेटर ठेवा, त्याला चार्जर लावा, चार्जरने बॅटरी भरा, बॅटरीवर मोटर फिरवा! हा द्राविडी प्राणायाम पर्यावरणाच्या नावाने कुणी ऐकवला की माझं टाळकं सरकतं.

हिशेब करा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा. छोटा जनरेटर त्यातून 3 युनिट वीज काढतो. चार्जर दहावा हिस्सा खातो, शिशाची बॅटरी पाचवा, मोटर आणि कंट्रोलर आणखी थोडा. पंख्याशी पोचतात जेमतेम 2. सुताच्या सौद्यात इतके दलाल घुसले, तर भिवंडीचा मागवाला त्यांना दारात उभं करील का? तेच इंजिन थेट शाफ्टला जोडलं, तर तिन्ही युनिटं पंख्याची!

आणि वेळ? 48 व्होल्ट, 30 अँपियरचा चार्जर म्हणजे दीड किलोवॅट. सहा किलोवॅटची मोटर तासभर चालली, की चार तासांहून जास्त भरत बसा. तोवर ओहोटी लागून बोट चिखलात. त्यात जनरेटर बंद केबिनमध्ये असला, तर कार्बन मोनॉक्साइड वासही न देता जीव घेतो.

‘इंजिन ठरलेल्या वेगाने चालतं, डिझेल वाचतं,’ असं हे संकरवादी, म्हणजे हायब्रिडवाले, छाती फुगवून सांगतात. भार सतत बदलणाऱ्या मोठ्या जहाजाला ते लागू आहे. खाडीत एकाच चालीने जाणाऱ्या होडीला नाही.

हा वाद आपल्या दाराशी आहे. कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग 2016च्या कायद्यात राष्ट्रीय जलमार्ग 53 झाला. भिवंडीजवळची काल्हेर आणि अंजूरदिवे ही गावं त्याच मार्गावर. जनरेटरच्या भरवशाविना इलेक्ट्रिक बोट चालते आणि वीज जेटीवर आणता येते, हे केरळने दाखवलंय. 2017पासून वैकमची ‘आदित्य’ फेरीबोट 75 प्रवासी घेऊन सौरऊर्जेवर धावते. 2023मध्ये सुरू झालेली कोची वॉटर मेट्रो धक्क्यावर 10-15 मिनिटांत चार्ज होते. तिच्यातही डिझेल जनरेटर आहे, पण अडीअडचणीपुरता.

भिवंडीला हे वेगळं शिकवायला नको. भारनियमनाच्या काळात या गावाने जनरेटरचा धूर पोटभर खाल्लाय. वीज गेली की तो सुरू करायचा, आली की बंद. वीज घ्यायचीच नाही आणि जनरेटरवरच माग चालवायचे, असं ठरवणारा मालक मी पाहिलेला नाही. त्याला डिझेलचं बिल स्वतःच्या खिशातून भरायचं असतं. जेटीचा आराखडा काढणाऱ्यांनो, आधी त्या मालकाला भेटा. मग वीजजोडणीचा अर्ज करा.