पाचावरचा ठिपका

सासूबाईंना काचबिंदू आहे. गेल्या चार वर्षांत नजर जवळजवळ गेली, पण स्वयंपाकघर त्यांनी सोडलेलं नाही. गॅसचं बटण किती फिरलंय ते बोटांना कळायचं, आच किती मोठी आहे ते कानांना. आगीची भीती नको म्हणून धाकट्या दिरांनी मायेने इंडक्शनची शेगडी आणली. काळी, गुळगुळीत काच. पहिल्याच दिवशी आई म्हणाल्या, "अगं, शोधायला हात लावावा तर चालूच होतंय हे!"

सगळं दुखणं त्या एका वाक्यात आलं. साधं बटण आधी चाचपायचं, मग दाबायचं. काचेवर चाचपणं हेच दाबणं. काचेखालच्या सेन्सरला बोट आल्याचं कळतं. ते शोधायला आलंय की हुकूम द्यायला, हे कळत नाही.

शेवटी माझ्या डबीतल्या मखमली टिकल्या कामी आल्या. खुणेवरच लावल्या तर पुन्हा तोच घोळ, म्हणून खुणेच्या खाली, अगदी कडेला लावल्या. चालू-बंदसाठी मोठी, आच वाढवायला मधली, कमी करायला बारीक. बोट आधी टिकलीवर टेकवायचं आणि तिथून सरळ वर न्यायचं. दूध वर यायच्या आत आता त्यांचा हात बंदवर जातो. फोडणीचं तेल उडालं की टिकली सुटते, मग नवी लावायची.

हे काम खरं तर शेगडी बनवणाऱ्याचं. आणि ते अवघडही नाही. साध्या फोनवर पाचाच्या बटणावर ठिपका असतो. तो सापडला की बाकीचे आकडे न बघता सापडतात. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांना बारीक उंचवटे असतात. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे पहिली वेलांटी आणि 'र' येतात. हा मजकूर मी त्या दोन उंचवट्यांच्या भरवशावरच टाइप करते आहे, आणि माझे डोळे चांगले आहेत.

पैशांचा व्यवहार आई अजून स्वतः करतात. वीसचं बारा बाजूंचं नाणं पिशवीत हात घालून बरोब्बर काढतात. नोटांशी मात्र झगडावं लागतं. शंभराच्या नोटेच्या कडांना चार तिरप्या उठावदार रेघा आहेत, पाचशेच्या नोटेला पाच. पण नोट मळली की उठाव झिजतो. शंभर, दोनशे, पाचशे यांच्या लांबीत फरक चार-चार मिलिमीटरचा. नोट ओळखून सांगणारं 'मणी' अ‍ॅप रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये आणलं, ते चांगलंच आहे. पण त्यासाठी हातात पुन्हा काचेचाच फोन हवा.

सर्वांना वापरता येतील अशा रोजच्या वस्तू तयार व्हाव्यात म्हणून सरकारने पावलं उचलायची आहेत, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. दुकानात मात्र फिरवायच्या बटणाचं मॉडेल मागितलं की "ते जुनं झालं" असं उत्तर मिळतं. जुनं नाही झालेलं. आईंच्या बोटांना आजही तेच कळतं.

म्हणून एक विनंती. शेगडी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, काहीही घ्यायला जाल तेव्हा दुकानातच एकदा डोळे मिटा आणि ते चालू करून बंद करून बघा. जमलं नाही तर बटणाचं मॉडेल मागा, आणि का मागताय तेही दुकानदाराला सांगा.