थोरामोठ्यांची मोटार

गेल्या वर्षीं आमच्या घरीं नवी मोटार घ्यावयाची ठरली, आणि तिच्यावरून जो वाद माजला तो दिवाळीच्या फराळापासून संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत पुरला. विक्रेत्यानें जवळजवळ सारख्याच किंमतीचे दोन प्रकार पुढें ठेविले होते. एकाच्या छताला उघडणारी कांच, तर दुसऱ्यांत दोनांऐवजीं सहा एअरबॅगा. तरुण मंडळी अर्थातच कांचेच्या बाजूची. आमचे वडीलबंधु म्हणाले, "त्या पिशव्या फुगवून आपल्याला कोठें जावयाचें आहे?" या वादाच्या निमित्तानें आम्हीं मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या एस-क्लास मोटारीचा इतिहास पुन्हां वाचून काढला. ती मोटार आमच्या दारांत उभी राहण्याचा संभव नाहीं, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. परंतु आमच्या दारांतील मोटारींत जीव वाचविणारें जें कांहीं आहे, त्यांतील पुष्कळसें प्रथम त्या थोरांच्या पदरीं होतें.

या घराण्याची पूर्वपीठिका थोडी मागें जाते. मोटार जितकी कणखर तितकी सुरक्षित, अशी एके काळीं सर्वांची समजूत होती. बेला बारेनी या अभियंत्यानें ती उलटी केली. माणसें बसतात तो मधला भाग मजबूत ठेवावा, पुढचा व मागचा भाग मात्र खुशाल चुरगळूं द्यावा, म्हणजे टकरीचा आवेग पत्र्यांत जिरेल, बरगड्यांत नव्हे, असें त्याचें म्हणणें. 1951 सालीं त्यानें या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला आणि 1959 सालीं कंपनीच्या मोठ्या मोटारींत ती प्रत्यक्षांत उतरली.

एस-क्लास हें नांव रूढ झालें तें 1972 सालच्या पिढीपासून. तिच्यांत पेट्रोलची टांकी मागच्या टोकाकडून हलवून मागच्या आंसाच्या वर, टकरीपासून दूर नेली होती. पण तिची खरी कीर्ति 1978 सालची. बॉश कंपनीच्या साहाय्यानें तयार झालेली एबीएस ही ब्रेकची योजना त्या वर्षीं तिच्यांत आली. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला कीं चाकें जागच्या जागीं अडतात, मोटार घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनहि ती वळत नाहीं. एबीएसमध्यें प्रत्येक चाकाच्या फिरण्यावर पहारा असतो. चाक अडूं लागलें कीं दाब क्षणभर सुटतो व पुन्हां लागतो; एका सेकंदांत हें अनेक वेळां घडतें. त्यामुळें ब्रेक दाबलेला असतांहि मोटार चालकाच्या हातीं राहते.

दुसरी पिढी 1979 सालची. ब्रूनो साक्को यांच्या देखरेखीखालीं घडलेली ही मोटार आमच्या मतें सर्वांत देखणी. तिच्यांत भपका नाहीं आणि दारिद्र्यहि नाहीं. आठ लाखांहून अधिक मोटारी निघाल्या. 1980 च्या अखेरीस चालकासाठीं एअरबॅग हिच्यांत बसली.

1991 सालच्या तिसऱ्या पिढींत मात्र सधन घरच्या लग्नांत होतें तसें झालें. कोठें थांबावें हें कोणालाच कळेना. दुहेरी कांचा, बारा सिलिंडरांचें एंजिन आणि दोन टनांच्या घरांत जाणारें वजन! तरी याच पिढीनें 1995 सालीं ईएसपी ही सर्वांत मोलाची देणगी दिली. वळणावर मोटार घसरूं लागली कीं हें यंत्र एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करतें. पुढें 1997 सालीं स्वीडनमधील एका नियतकालिकाच्या चांचणींत, आडव्या आलेल्या हरणाला चुकवावें तशी झटक्यानें वळवितांना त्याच कंपनीची लहानशी ए-क्लास उलटली. मोठीच नाचक्की झाली. कंपनीनें कांहीं काळ विक्री थांबविली आणि थोरल्या मोटारीची ईएसपी प्रत्येक धाकटीला बसविली. 2014 च्या नोव्हेंबरपासून युरोपीय संघांत ती प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली. एका फजितीनें केवढें काम केलें!

1998 सालच्या चौथ्या पिढीनें अंग झडवून हलकेपणा मिळविला, पण गंजाच्या तक्रारीहि मिळविल्या. 2005 व 2013 सालच्या पिढ्यांविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. सहाव्या पिढींत जुन्या पद्धतीचा एकहि दिवा उरला नव्हता, इतकेंच सांगतों. 2020 सालच्या सातव्या पिढीची जुळणी 2021 पासून आपल्या पुण्याजवळच्या चाकणलाहि होऊं लागली.

आतां आपल्याकडील हिशेब पाहावा. आपल्या देशांत सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीची झाली 1 एप्रिल 2019 रोजीं, आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षींच्या 1 जुलैपासून. म्हणजे जर्मनीच्या धनिकाला 1978 सालीं मिळालेला ब्रेक आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या हक्काचा होण्यास एकेचाळीस वर्षें लागलीं. यंत्राची किंमत उतरण्यास वेळ लागतो हें खरें. पण एकेचाळीस वर्षें सगळीं किंमतीनेंच खाल्लीं, असें आम्हांस वाटत नाहीं. ग्राहक छताची कांच मागतो तेव्हां कारखानदारानें दुसरें कांहीं कां द्यावें?

आमच्या घरीं अखेर सहा एअरबॅगांची मोटार आली. एस-क्लासच्या सातव्या पिढींत मागच्या बाकावरच्यांसाठींहि पुढच्या आसनाच्या पाठींत एअरबॅग बसविण्याची सोय आहे. पट्टा बांधलेल्या माणसाची मान व डोकें सांभाळावें हा तिचा हेतु. आमच्या मोटारींत ती नाहीं, आणि मागें बसणाऱ्या काकूंना पट्टाहि नको होता. नऊवारी चुरगळते, ही त्यांची तक्रार. गेल्या महिन्यांत वाईला लग्नास निघालों, तेव्हां पुतण्यानें किल्ली हातांत धरून ठेविली. "काकूआजी, पट्टा बांधल्याशिवाय खंबाटकीचा घाट दिसावयाचा नाहीं." काकू दहा मिनिटें बोलल्या नाहींत, मग बांधला. पट्ट्याखालून पदर कसा घ्यावा म्हणजे चुणी पडत नाहीं, याची युक्ति त्यांनीं परततांना स्वतःच शोधून काढली, आणि हल्लीं ती शेजारणींना दाखवीत असतात.