घड्याळ हेही एक मोहरं

मंडळी, परवा नातवाच्या विद्यापीठात दोन मुलांचा ब्लिट्झ बुद्धिबळाचा डाव पाहिला. प्रत्येकी ५ मिनिटं, खेळीमागे वाढीव सेकंद नाहीत. एकाचे एलो गुण दुसऱ्यापेक्षा ४०० ने जास्त. म्हणजे हिशेबाने १० डावांत ९ गुण त्याचेच. इथेही शेवटी त्याच्याकडे वजीर, समोर एकच प्यादं. पण त्याचं घड्याळ संपलं आणि तो हरला.

लगेच कुजबुज सुरू, "हा काय विजय? नुसतं नशीब!" जिंकलेला पोरगा बिचारा मान खाली घालून निघून गेला.

मला हे अजिबात पटलं नाही. मिनिटं दोघांना सारखीच होती. एकाने ती सुरुवातीलाच उधळली, दुसऱ्याने जपली. समोर नुसता राजा उरला असता तर नियमाने बरोबरी झाली असती. याने ते प्यादं शेवटपर्यंत राखलं. याला नशीब म्हणायचं?

"सर, उत्तर येत होतं हो," म्हणणाऱ्या हुशार मुलांचे पेपर मीही घंटा होताच ओढून घेतले आहेत. तेव्हा वेळेत लिहिणाऱ्यांना कुणी नशीबवान म्हटलं नाही.

निवांत विचार करायचा असेल तर मोठा डाव मांडा. घड्याळ मान्य केलंत, तर त्याचा निकालही मान्य करा. आणि त्या पोराशी हात मिळवा!