स्मरणाला मोकळी हवा हवी



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कारगिल विजय दिन नुकताच होऊन गेलेला असेल आणि स्वातंत्र्यदिन तोंडावर आलेला असेल. या दोन दिवसांमधला काळ पावसाचा आणि हिरवाईचा, तसाच काही घरांत न बोललेल्या दुःखाचाही असतो. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर ५२७ जवान धारातीर्थी पडले. त्या वेळी पन्नाशीत असलेले त्यांचे आईवडील आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. १९७१ च्या युद्धात ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या स्त्रियाही आता वार्धक्यात आहेत. ज्यांना हे स्मरण सर्वाधिक जवळचे, त्यांना आज कोणाच्या तरी आधाराची गरज आहे. म्हणून हा विषय या स्तंभात.

अशा घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आजींपुढे तो विषय काढू नका, त्यांना त्रास होतो.’ त्या दिवशीचे वर्तमानपत्र उचलून ठेवले जाते, दूरचित्रवाणीचा आवाज कमी होतो. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु आजींना तारीख ठाऊक असते. चार दिवस आधीपासूनच झोप उडते, घास गोड लागत नाही, नेहमीचे दुखणे अधिक जाणवू लागते. घर गप्प राहिले की त्यांना आठवण सोसावी लागतेच, आणि घरच्यांसाठी काही न आठवल्याचा चेहराही ठेवावा लागतो. एका ओझ्याची दोन ओझी होतात.

आपल्या पूर्वजांनी या दुःखाची सोय वेगळ्या रीतीने केली होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात, पाराजवळ किंवा शिवेवर वीरगळ उभे आहेत. शिलाहार आणि यादव काळातील हे दगड आजही ऊनपाऊस झेलत आहेत. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वर त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, आणखी वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर ही आठवण राहील, असा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरलेली आहे. बहुतेक दगडांवर वीराचे नाव नाही, तरीही कोणी शेंदूर लावतो, कोणी फूल वाहतो. आठवण बंद खोलीत न ठेवता जाण्यायेण्याच्या वाटेवर, झाडाच्या सावलीत ठेवली गेली. तिथे रडायला, बसायला, हात जोडून पुढे जायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव सैनिकांचे गाव म्हणून ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानभूमीत हिरवळीवर शिलांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी फुलझाडे जोपासलेली आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली खुले झाले. त्यातील त्यागचक्रात हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत, आणि सर्वांत बाहेरचे रक्षकचक्र झाडांच्या रांगांचे आहे. पहारा देणाऱ्या सैनिकाचे प्रतीक म्हणून तिथे झाड योजले आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

यात आरोग्याचाही विचार आहे. समोरासमोर बसून ‘बोला, मन मोकळे करा’ असे म्हटले की वृद्ध माणूस बहुधा मिटतो. शेजारी शेजारी चालताना नजर वाटेवर असते, पाय काही करीत असतात, आणि शब्द आपसूक येतात. मध्ये थांबले तरी ती शांतता अवघडत नाही. कुठे पक्षी बोलतो, कुठे तेरडा फुललेला दिसतो, आणि पुन्हा बोलणे सुरू होते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे दिवसरात्रीचे घड्याळ जागेवर राहते आणि रात्रीची झोप सुधारण्यास मदत होते. चालण्याने सांधे आणि मन दोन्ही सैल होतात. दुःख यामुळे नाहीसे होत नाही, पण ते वाहण्याची ताकद टिकते.

माझ्या परिचयातील एक निवृत्त हवालदार रोज सकाळी सोसायटीच्या बकुळीपाशी थांबून हळू आवाजात तीन नावे उच्चारतात आणि पुढे चालू लागतात. त्यांच्या नातवाने एकदा विचारले, ‘आजोबा, हे कोण?’ त्या दिवशी फेरी नेहमीपेक्षा पाऊण तास लांबली. त्या तिघांपैकी एकाला गाता यायचे, एकाला पोहता येत नसे, एकाचे लग्न ठरले होते. ‘शहीद’ या मोठ्या शब्दामागची माणसे नातवाला त्या फेरीत भेटली.

ज्यांच्या हाती वृद्धांची काळजी आहे, त्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ‘रडू नका’ म्हणण्यापेक्षा ‘ते कसे होते?’ असे विचारा. नको असेल तर तेही ऐका. आग्रह करू नका. युद्धाची दृश्ये, स्फोटांचे आवाज, फटाके यांनी काही माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय अस्वस्थ होतात, तेव्हा आधी विचारून मगच दूरचित्रवाणी लावा. ध्वजवंदनाला जाताना थोडे खाऊन, पाणी पिऊन निघावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना बराच वेळ उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते. खुर्ची जवळ असावी, आणि बसून केलेले वंदन कमी प्रतीचे नसते. पावसात पारावर आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते. न घसरणारी पादत्राणे, रबरी टोकाची काठी आणि सोबतीला एक माणूस एवढे असल्याशिवाय बाहेर पडू नये. ज्यांना अंथरूण सोडता येत नाही, त्यांची खाट खिडकीजवळ घ्या, ओंजळीत प्राजक्ताची फुले द्या. बाहेरचे जग त्यांच्यापर्यंत आणता येते.

स्मृतिभ्रंश झालेली आई कधी विचारते, ‘तो सुट्टीवर कधी येणार?’ दर वेळी ‘तो गेला’ असे सांगणे म्हणजे तिला दर वेळी पहिल्यांदाच ती बातमी देणे होय. खोटे वचनही देऊ नये. ‘तुला त्याची आठवण येते आहे ना? सांग मला त्याचे काहीतरी,’ एवढे म्हणावे, तिचा हात धरावा, आणि जमल्यास अंगणात एक फेरी मारावी.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण आणि झोप तुटली, कशातच रस उरला नाही, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द वारंवार येऊ लागले, तर दोन आठवडेही थांबू नये. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा विनामूल्य आणि रात्रंदिवस उपलब्ध आहे. काळजी घेणाऱ्यांनी स्वतःसाठीही तिचा उपयोग करावा. दुसऱ्याचे दुःख सांभाळताना आपलेही मन थकते.

या स्वातंत्र्यदिनी पुष्कळ ठिकाणी हुतात्म्यांच्या नावाने रोपे लावली जातील. आपणही लावणार असाल तर एकच विनंती : समारंभाची जागा पाहण्याआधी, ज्या वृद्ध पावलांना तिथवर जायचे आहे ती पावले पाहा. आजींना काठी टेकत दहा मिनिटांत पोहोचता येईल अशा ठिकाणी रोप लावा, जवळ बसायला एक दगड किंवा बाक ठेवा, आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे त्याच दिवशी ठरवा. शक्य असल्यास तो मान आजींनाच द्या. रोज सकाळी कोणीतरी आपली वाट पाहते आहे, ही जाणीव त्यांना घराबाहेर काढील, आणि ते रोपही जगेल.