मजुरी कशाची?

"पार्ट चारशेचा अन् मजुरी दोन हजार?" आमच्या अंबाजोगाईत गॅरेजवर हे हमखास ऐकू येतं. मंडळी, जरा जग्वार ई-टाइपकडे बघा. १९६१ साली जिनिव्हात झळकलेली ही देखणी स्पोर्ट्‌स कार. तिची क्लच प्लेट बदलायची तर लांबलचक बॉनेट उतरवून, पाणी काढून, वायरी सोडवून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात. प्लेट बदलणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम! आपल्या पद्मिनीचा गिअरबॉक्स निदान खालून उतरतो. अडचणीची जागा ठरवतो डिझायनर, बोटं सोलून घेतो मेकॅनिक, आणि आपण घासाघीस करतो ती मेकॅनिकशी. मेडिकल कॉलेजच्या गावातली माणसं आपण. सर्जनला कधी विचारतो का, टाक्याचा दोरा केवढ्याचा? मजुरी असते ती तिथवर हात पोचवण्याची. ती मुकाट्यानं द्यावी, असं माझं मत. तुमचं?