एकाच रंगाचे घर

दोंडाईच्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दिवाळीपूर्वी रंग काढायचा आहे. यजमानांची हौस अशी की, सगळे घर एकाच रंगात हवे, निळ्या. "पण आईने केलेले मण्यांचे तोरण आणि भरतकामाचे रुमाल लाल-पिवळे आहेत. जाऊबाई म्हणतात, आता ते पेटीत टाक. काय करू?"

आधी रंगाचे बोलू. निळा वाईट नाही. तुमच्या खोल्या पश्चिमेच्या, आणि खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. अशा दुपारी फिकट निळी भिंत डोळ्यांना बरी वाटते. शिवाय हा रंग आपल्याला नवा थोडाच आहे! चुन्यात जराशी नीळ घातली की सफेदीचा पिवळटपणा जातो; हात सढळ सुटला की भिंत आकाशी. जोधपूरच्या जुन्या शहरात तर गल्ल्याच्या गल्ल्या निळ्या आहेत.

पण एक रंग म्हणजे एकच डबा नव्हे, बरं का! भिंती, पडदे, पलंगपोस सगळे एकाच छटेचे केले तर घराचा दवाखाना होतो. तुमच्याच गावच्या मिरचीच्या पथाऱ्या आठवा. लांबून नुसता लाल. जवळ गेलं की ओल्या मिरचीचा लाल वेगळा, वाळून सुरकुतलेल्या मिरचीचा वेगळा, मधेमधे फिकट देठ. म्हणूनच नजर कंटाळत नाही. घरातही निळ्याच्या तीन छटा घ्या. सर्वांत फिकी भिंतींना, मधली पडद्यांना, गडद फक्त खाली आणि थोडी: सतरंजी, उशांचे अभ्रे, एखादा पाट. छत पांढरेच ठेवा.

शेडकार्डावर फिका दिसणारा रंग चारी भिंतींना लागला की गडद वाटतो, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी निवडा. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवून तो सकाळी, उन्हे आत येतात तेव्हा आणि रात्री ट्यूबलाइटखाली पाहा. रंगारी घाई करील, करू दे. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे चार भिंतींचे ४४० चौरस फूट. त्यातून दारे-खिडक्या वजा करा. हा आकडा आधी आपण काढावा, मग त्याचा अंदाज ऐकावा.

पडद्यांसाठी कापड विकत आणू नका. जुन्या सुती साड्यांच्या घड्यांत निळ्या दोन-तीन निघतातच. पश्चिमेच्या उन्हाने त्या विटतात, तेव्हा मागून मांजरपाटाचे अस्तर लावा. स्वयंपाकघरात ओट्यामागे फोडणीचे डाग बसणार. तिथे पुसता येईल असा ऑइलपेंटच बरा.

आता तोरण. पेटीत मुळीच टाकू नका! रंगीबेरंगी घरात ते कॅलेंडर आणि प्लॅस्टिकच्या फुलांत हरवून गेले असते. निळ्या भिंतीवर लाल-पिवळे मणी एकटेच उठून दिसतील, आणि दारातून येणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाईल. मधल्या दारावर लावा. मात्र त्याच खोलीत दुसरी भडक वस्तू नको. रुमाल सगळे एकदम मांडू नका, पाळीपाळीने काढा. एखादा काचेच्या चौकटीत बसवून घेतला तर धुळीपासूनही वाचेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हवे तर सगळे बाहेर काढा, त्या दिवशी नियम कसला! आणि यजमानांना हे शब्दांनी पटवत बसू नका. भिंतीवरचा तो दोन फुटांचा चौकोन वाळला की त्यावर तोरण धरून दाखवा.

उरलेला रंग टाकून देऊ नये. झाकण घट्ट लावून डब्यावर छटेचा नंबर आणि खोलीचे नाव लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर कुठे पोपडा निघाला तर तेवढीच जागा भरता येते.