मंडईतली गाणी टिपून ठेवा

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी-साकोलीकडच्या गावांत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा ठरवते, त्यामुळे पाहुण्यांना आणि कलावंतांनाही गावोगाव फिरता येते. दिवसा बाजार, दंडारीचे लोकनाट्य किंवा खडी गंमत; रात्री नाटक. धान निघून हाती पैसा येण्याचा हाच काळ, आणि झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, रंगभूमी मुख्यतः याच पैशावर चालते.

खडी गंमत म्हणजे उभ्याने रंगणारा खेळ. शाहीर, ढोलकीवाला, लुगडे नेसलेला नाच्या. चाल ठरलेली, शब्द मात्र गाव पाहून बदलतात. समोर सरपंच बसला असेल तर एखादा चिमटा त्यालाही बसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत व्हॉडव्हील नावाचा असाच मिश्र खेळ लोकप्रिय होता. गाणी, नकला, कसरती, जादू, सगळे एकाच तिकिटात. नाट्यगृहांच्या साखळ्या कलावंतांचे दौरे आखून देत.

तिथे एक वेगळा धंदाही उभा राहिला. न्यूयॉर्कच्या ‘टिन पॅन अ‍ॅली’ भागातले प्रकाशक गाण्याचे शब्द स्वरलिपीसह छापून विकत आणि ते खपावे म्हणून नामवंत गायकांकडून रंगमंचावर गाऊन घेत. मध्यमवर्गीय घरांत पियानो असे, त्यामुळे ऐकलेले गाणे लोक विकत आणून घरी वाजवीत. चार्ल्स हॅरिस यांचे १८९२चे ‘आफ्टर द बॉल’ असेच लाखोंनी खपले.

पुढे रेडिओ आणि बोलपट आले. व्हॉडव्हीलची पंढरी मानले जाणारे न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर १९३२मध्ये सिनेमाकडे वळले. खेळ संपला, गाणी उरली. त्यांत कृष्णवर्णीयांची हिणकस टिंगल करणारीही पुष्कळ आहेत. छापलेली असल्यामुळेच ती आज कोणाला नाकारता येत नाहीत.

आपल्याकडे स्थिती उलट आहे: खेळ चालू आहे, गाणी मात्र हरवतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची नाटक मंडळे जोरात आहेत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया घातला. नाटकाची निदान संहिता तरी असते. गंमतीचे गाणे मात्र बहुधा शाहिराच्या तोंडीच असते, आणि त्याच्याबरोबरच जाते.

गाण्यांची ही नोंद करण्यात हयगय होते आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहायला नको. लाखनी-साकोलीच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना मोबाइल घेऊन मंडईत पाठवावे. शाहिराची परवानगी घ्यावी, त्याचे नाव, गाव, तारीख लिहावी, आणि चावट गाणी गाळू नयेत.